कांद्याचे भाव ओढणारी स्क्रिप्ट: पायथनच ठेवू, नोड घेऊ की गो?

सातपूर_स्क्रिप्ट

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या १४ ठिकाणचे कांद्याचे भाव रोज संध्याकाळी ओढून आणणारी पायथनची स्क्रिप्ट आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड, कळवण, सटाणा, उमराणे वगैरे. प्रत्येक ठिकाणची ३० पानं (१५ दिवस, सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं), म्हणजे एकूण ४२० रिक्वेस्ट. सगळं रिक्वेस्ट्स (वेबपानं मागवणाऱ्या पायथनच्या) लायब्ररीने एकापाठोपाठ एक चालतं. एका पानाला सरासरी अडीच सेकंद, फक्त एक साइट सुस्त आहे, ती ६ घेते. दोन ठिकाणी भाव पीडीएफमध्ये येतात, अशा ६० फायली. त्या वाचायला प्रत्येकी १.२ सेकंद. धरून चाला १८-१९ मिनिटं.

सर्व्हर २ कोअर, २ जीबी रॅम, उबुंटू. डेटा एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीतला छोटा डेटाबेस). शेवटी शेतकऱ्याला मोबाइलवर एक तक्ता दिसायला हवा: आवक, किमान, कमाल, सरासरी, लाल की उन्हाळ.

थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या धारा) लावू की एसिंकआयओ (एकाच धारेत, वाट बघताना दुसरं काम उरकायची पायथनची पद्धत)? एकजण म्हणतो नोडमध्ये (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) लिही, दुसरा गो भाषेचं नाव घेतो. तक्त्याला रिॲक्ट (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) लागेल का? भाषांची भांडणं नकोत, हिशोब सांगा.

विंचूर_चौफुली

हिशोबच करू. ४२० गुणिले २.५ म्हणजे १०५० सेकंद, साडेसतरा मिनिटं. त्यातला जवळजवळ सगळा वेळ समोरच्या सर्व्हरची वाट बघण्यात जातो. वाट बघताना पायथन जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) सोडून देतं, त्यामुळे साधे थ्रेड इथे पुरेसे आहेत. भाषा बदलून तो अडीच सेकंद कमी होणार नाही.

किती थ्रेड? तुमच्या मशीनकडे बघू नका, समोरच्याकडे बघा. या साइट बहुतेक स्वस्त होस्टिंगवर असतात, त्यामुळे एका साइटवर एका वेळी दोनच रिक्वेस्ट ठेवा. १४ साइट, म्हणजे २८ एकत्र. सर्वसाधारण साइट ३० × २.५ ÷ २, साधारण ३८ सेकंदांत आटोपते. सुस्त साइटला मात्र ३० × ६ ÷ २ म्हणजे ९० सेकंद. तेव्हा एकूण वेळ दीड मिनिट. बाकीच्या तेरा कितीही लवकर संपल्या तरी शेवट तीच ठरवणार.

आता इथे हमखास होणारी चूक. लोक २८ थ्रेडचा एकच पूल (कामं वाटून घेणारा गट) करतात आणि साइटवार सेमाफोर (एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारा पहारेकरी) लावतात. कामांची यादी मात्र साइटच्या क्रमाने असते: आधी पहिल्या साइटची ३० पानं, मग दुसरीची. पहिली २८ कामं एकाच साइटची निघतात. दोन चालू, २६ थ्रेड सेमाफोरच्या दारात उभे, आणि बाकी साइटकडे कोणी फिरकत नाही. त्यापेक्षा प्रत्येक साइटला दोन थ्रेडचा वेगळा थ्रेडपूल एक्झिक्युटर द्या. १४ छोटे पूल, सेमाफोर नाहीच.

दुसरं, टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं. रिक्वेस्ट्स लायब्ररीला तो आपणहून नसतो. समोरचा गप्प बसला तर थ्रेड जन्मभर बसून राहील. जोडणीला ५ आणि वाचायला २० सेकंद असे दोन वेगळे आकडे द्या. वाचण्याचा टाइमआउट पूर्ण पानाचा नसतो, दोन तुकड्यांमधल्या शांततेचा असतो हेही लक्षात असू द्या. आणि थ्रेडगणिक एक सेशन (उघडी ठेवलेली जोडणी) ठेवा, म्हणजे दर पानाला नव्याने टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) सलामी द्यावी लागत नाही.

अवेट_पंचवटी

थ्रेडला माझी ना नाही, पण एसिंकआयओ नेमकं काय करतं ते सांगतो, कारण निम्मे लोक ते चुकीचं वापरून मग शिव्या घालतात.

लिलावाची रांग डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टर ओळीने उभे, व्यापाऱ्यांचा घोळका एकच. घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, बोली लागते, पुकारा होतो, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. तो ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो, तिथून खळ्यावर. वजन होईपर्यंत घोळका काही थांबत नाही. हा घोळका झाला इव्हेंट लूप (एसिंकमध्ये कामं फिरवणारा), आणि काट्यावर जाणं म्हणजे अवेट (वाट बघायला बाजूला होणं). आता कोणी म्हणालं की वजन इथेच, ट्रॉलीपाशीच करा, की अख्खी रांग खोळंबली. एसिंक फंक्शनच्या आत जुनी रिक्वेस्ट्स लायब्ररी किंवा टाइम-स्लीप (प्रोग्राम काही वेळ थांबवणं) वापरलं की हेच होतं. कोड दिसतो एसिंक, चालतो एकेरी, आणि एररसुद्धा येत नाही.

त्यामुळे एसिंक करायचंच असेल तर एचटीटीपीएक्स किंवा एआयओएचटीटीपी या एसिंकला चालणाऱ्या लायब्ररी. एचटीटीपीएक्सचा मुळातला टाइमआउट ५ सेकंदांचा आहे, तुमची ६ सेकंदांची साइट तेवढा वेळ गप्प बसली तर रोज नापास होईल. वाढवा. आणखी एक: टास्कग्रुप (कामं एकत्र चालवायची सोय, पायथन ३.११ पासून) एक टास्क पडला की बाकीचे रद्द करतो. इथे ते नको. एक साइट बंद म्हणून तेरा ठिकाणचे भाव घालवायचे नाहीत. गॅदर (कामं एकत्र चालवायचं दुसरं फंक्शन) घ्या आणि रिटर्न-एक्सेप्शन्स ट्रू ठेवा, म्हणजे पडलेल्या कामाची चूक निकालातच मिळते.

पण २८ जोडण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? एसिंक शोभतं ते हजारोंच्या घरात.

पीडीएफचा प्रकार वेगळा. ते निव्वळ सीपीयूचं काम, तिथे जीआयएल आडवा येतो. ६० × १.२ म्हणजे ७२ सेकंद, थ्रेड लावा न लावा. प्रोसेसपूल एक्झिक्युटर (थ्रेडऐवजी वेगळ्या प्रोसेस चालवणारा पूल) घ्या, दोन कोअरला दोनच प्रोसेस, ३६ सेकंद. चार प्रोसेस केल्या तर वेळ तोच राहील, वर २ जीबी रॅमवर ओढाताण. आणि आधी थ्रेड सुरू करून मग फोर्क (चालू प्रोसेसची नक्कल) करू नका: एखादा थ्रेड लॉक धरून बसलेला असेल तर मुलगा-प्रोसेसमध्ये ते लॉक कधीच सुटत नाही. म्हणून पायथन ३.१४ मध्ये लिनक्सवर फोर्कऐवजी फोर्कसर्व्हर (आधीच बाजूला ठेवलेल्या स्वच्छ प्रोसेसची नक्कल) हा डिफॉल्ट झाला.

गोफर_गंगापूररोड

"जीआयएल आडवा येतो" हे वाक्य लिहावंच लागू नये म्हणून तर गो. गोरूटीन (गोचा हलका थ्रेड) सुरुवातीला २ केबीचा स्टॅक (कामापुरती मेमरी) घेते, दोन्ही कोअर आपोआप वापरले जातात, आणि शेवटी हातात एकच बायनरी फाइल. सर्व्हरवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, पिप (पायथनच्या लायब्ररी बसवणारं साधन), पायथनची आवृत्ती, कसलीच कटकट नाही.

दोन खड्डे मात्र आहेत. डिफॉल्ट एचटीटीपी क्लायंटला इथेही टाइमआउट नसतो, आणि रिस्पॉन्सची बॉडी बंद केली नाही तर जोडण्या गळत राहतात. दुसरा खड्डा: दोन गोरूटीन एकाच मॅपमध्ये (नाव-किंमत जोड्यांचा साठा) लिहायला गेल्या आणि रनटाइमने ते पकडलं, तर प्रोग्राम जागेवर मरतो, रिकव्हर (चूक सावरायची सोय) लावूनही वाचत नाही. चॅनेलमधून (गोरूटीनमधली देवाणघेवाणीची नळी) निकाल गोळा करा.

पायथनवाले ३.१३ च्या जीआयएल-मुक्त बिल्डचं नाव काढतील. तो २०२४ मध्ये प्रायोगिक म्हणून आला, ३.१४ मध्ये अधिकृत आधार मिळाला, पण अजून वेगळाच बिल्ड आहे. आणि तयारी नसलेलं सी-एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेला लायब्ररीचा भाग) इम्पोर्ट केलं की जीआयएल परत चालू. पीडीएफच्या जुन्या लायब्ररीबरोबर नेमकं तेच होऊ शकतं.

विंचूर_चौफुली

मान्य. पण चालणारी पायथन स्क्रिप्ट फेकून गोमध्ये नव्याने लिहायला जे दिवस जातील, ते वाचवलेल्या ३६ सेकंदांत कधी फिटायचे?

इंदिरानगर_नोड

नोडची बाजू घ्यायला आलो होतो, पण या कामासाठी नोडमध्ये एक मोठी मेख आहे, ती आधी सांगतो. आकडे.

काही पानांवर भाव देवनागरी आकड्यांत असतात. पायथनच्या इंटला (मजकुराची पूर्णांक संख्या करणारं फंक्शन) "१८५०" दिलं तर ते मुकाट १८५० देतं, कारण ते युनिकोडमधले सगळे दशमान अंक ओळखतं. जावास्क्रिप्टमध्ये नंबर फंक्शनला तेच द्या, एनएएन ("ही संख्या नाही"). गोचं एटॉय हे तसंच फंक्शनसुद्धा एरर देतं. स्वल्पविरामाची तऱ्हा त्याहून वाईट. इंग्रजी अंकांत, स्वल्पविरामासकट लिहिलेले एक हजार आठशे पन्नास पायथनच्या इंटला दिले तर ते सरळ एरर देतं, निदान कळतं तरी. जावास्क्रिप्टचं पार्सइंट मात्र स्वल्पविरामापाशी थांबून १ देतं. एक रुपया क्विंटल! असा भाव तक्त्यात गेला तर गावात बोंब होईल. भाषा कुठलीही असो, आधी स्वल्पविराम काढा, मग अंक बदला, मग संख्या करा, आणि शेवटी किमान ≤ सरासरी ≤ कमाल बसतंय का ते तपासा.

अक्षरांचंही तसंच. पानाच्या हेडरमध्ये कॅरसेट (अक्षरं कशी साठवली ते सांगणारी नोंद) नसेल तर रिक्वेस्ट्स लायब्ररी मजकूर लॅटिन-१ (युरोपीय भाषांची जुनी अक्षरपद्धत) समजते आणि "उन्हाळ" च्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची माळ येते. लायब्ररीने दिलेलं टेक्स्ट वापरू नका, कच्चे बाइट्स ब्यूटिफुलसूपला (पानातून माहिती काढणारी लायब्ररी) द्या, ते पानातला मेटा टॅग वाचून घेतं. "पिंपळगाव" आणि "पिंपळगांव", मध्येच घुसलेलं न दिसणारं झीरो-विड्थ जॉइनर, यांना स्ट्रिप (कडेच्या मोकळ्या जागा काढणारं फंक्शन) हात लावत नाही. त्यासाठी नावांचा एक छोटा कोश हाताने बनवा, १४ तर नावं आहेत.

बाकी नोड वापरलाच तर एक ध्यानात ठेवा: डीएनएस लुकअप (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) आणि फाइल वाचणं लिबयूव्हीच्या (नोडच्या आतली लायब्ररी) चार थ्रेडच्या पूलमधून जातं. काही डोमेनचे डीएनएस रखडले की बाकीच्या साइटचे लुकअपही रखडतात.

सातपूर_स्क्रिप्ट

१४ पूल करून बघितले, वेळ खरंच दीड मिनिटाच्या आसपास आला. पण आता मधूनच "डेटाबेस इज लॉक्ड" येतं. आणि तक्त्याचं कोणीच बोललं नाही.

अवेट_पंचवटी

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी लिहिणारा एकच. २८ थ्रेडना लिहायला लावलंत तर कोणीतरी पाच सेकंद (पायथनचा डिफॉल्ट) थांबून कंटाळणारच. थ्रेडनी फक्त निकाल परत द्यायचा. मुख्य थ्रेडने सगळ्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र होणारं लिखाण) लिहायच्या. बाजार, तारीख, सत्र, प्रकार या चौघांवर युनिक की (तीच जोडी दोनदा येऊ न देणारी अट), आणि लिहिताना अपसर्ट (ओळ असेल तर बदल, नसेल तर नवी), म्हणजे स्क्रिप्ट दोनदा चालली तरी ओळी दुप्पट होत नाहीत. तक्ता वाचणारं वेगळं काही असेल तर वॉल मोड (लिहिणं चालू असतानाही वाचू देणारी एसक्यूलाइटची पद्धत) चालू करा.

तारीख पानावरून घ्या, सर्व्हरच्या घड्याळावरून नको. लिलाव बंद असला की पानावर कालचेच भाव पडून असतात, ते आजचे म्हणून चिकटतात. घड्याळाचंही बघा: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर क्रॉनमधले (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सेवा) संध्याकाळचे ६ म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. टाइमझोन बदललात तर क्रॉन सेवा रिस्टार्ट करा.

पीएचपी_द्वारका

तक्त्याला रिॲक्ट? १४ ओळींना? अहो, तक्त्यासाठी वेगळा प्रोग्राम चालू ठेवावाच लागत नाही. स्क्रिप्टच्या शेवटी जिंजाच्या (पायथनची साचा भरणारी लायब्ररी) टेम्पलेटमधून एक एचटीएमएल फाइल तयार करा आणि एनजिनएक्सला (तयार फाइल पाठवणारा वेब सर्व्हर) वाढायला सांगा. पान काही केबींचं होईल, सुरगाण्याकडच्या रडक्या नेटवर्कवरसुद्धा उघडेल. रिॲक्टमध्ये तेवढ्याच तक्त्याआधी कितीतरी जास्त जावास्क्रिप्ट उतरवावी लागते. कमाल भावाने क्रम लावायला साध्या जावास्क्रिप्टच्या वीस-पंचवीस ओळी. आकडे मराठीत हवे असतील तर जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉरमॅटला एमआर-आयएन (मराठी-भारत) द्या, लाखाचा स्वल्पविरामही आपल्या जागी पडतो.

फाइल थेट अंतिम नावाने लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, मग ओएस-रिप्लेसने (पायथनचं नाव बदलणारं फंक्शन) अंतिम नाव द्या. नाहीतर नेमका त्या क्षणी पान उघडणाऱ्याला अर्धाच तक्ता दिसतो. (पीएचपीचं नाव काढलं नाही, नोंद घ्यावी.)

देवळाली_क्रॉन

एवढी चर्चा झाली, पण १५ दिवसांपूर्वीचं पान रोज कशाला आणायचं? ते भाव एकदा डेटाबेसमध्ये पडले की पडले. दुरुस्ती होतेच, म्हणून आज आणि काल धरा: २ दिवस, २ सत्रं, १४ ठिकाणं, म्हणजे ५६ पानं. ५६ × २.५ म्हणजे १४० सेकंद. त्यात पीडीएफ फक्त ८, त्यांचे दहाएक सेकंद. तुमची पहिलीच स्क्रिप्ट, एकही थ्रेड न लावता, अडीच मिनिटांत. १५ दिवसांचा फेरा रविवारी रात्री एकदा मारा, राहिलेलं सापडेल.

टाइमआउट आणि आकड्यांची तपासणी तेवढी ठेवा. आणि क्रॉनच्या ओळीला एफलॉक (एका वेळी एकच फेरी चालू देणारं लिनक्सचं कुलूप) लावा, म्हणजे आधीची फेरी अडकली असताना दुसरी तिच्यावर चढणार नाही.

सातपूर_स्क्रिप्ट

दादा, हे पहिल्याच उत्तरात का नाही आलात? थ्रेड काढतोय.

विंचूर_चौफुली

काढू नका हो. रविवारच्या फेऱ्याला ४२० पानं आहेतच की.