आकारकविता घेताना मुलं नुसता साचा भरतात, काय करू?

तिसरीच्या बाई, करवीर तालुका

नमस्कार. माझी जिल्हा परिषदेची शाळा, वर्गात २६ मुलं. गेल्या आठवड्यात आकारकविता घेतली. म्हणजे ज्या वस्तूवर कविता, तिच्याच आकारात शब्द मांडायचे. छत्रीच्या चित्राच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येकाला एक दिली नि म्हटलं, हिच्यात छत्रीची कविता लिहा. वीस मिनिटांत सगळे कागद परत. "छत्री छान छान, छत्री लाल लाल, छत्री गोल गोल." जागा उरली की आणखी एकदा "छान". एका मुलीनं उरलेल्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. मधल्या सुट्टीत एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता, "उलटी झाली तर भ्यायचं न्हाई, वाऱ्याकडं तोंड करायचं, आपोआप सरळ होती." ही खरी कविता, आणि ती माझ्या झेरॉक्सवर आली नाही. याचं मला फार वाईट वाटलं.

साचा देऊ नये असं वाटतं, पण त्याशिवाय आठ वर्षांच्या मुलांना आकार कसा जमणार? आणि शब्द उभा लिहायला सांगितला की वेलांटी सुटते. 'टिप' तिघांनी तीन ओळींत लिहिलं: वर नुसती वेलांटी, मग ट, मग प. कुणी वर्गात घेतलं असेल तर सांगा.

पेंटर, महाद्वार रोड

बाई, मी शिक्षक नव्हे, पाट्या रंगवतो. पण हे आमच्या रोजच्या कामातलं आहे म्हणून लिहितो. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात, आपली वरच्या रेघेला लोंबतात. गोल पाटी करायची तर मी आधी शिरोरेघ गोल मारून घेतो, मग तिला अक्षरं टांगतो. मुलांना साचा देऊ नका, रेघ द्या. छत्रीचा घुमट हीच शिरोरेघ. तिला शब्द टांगले की छत्री झाली, आत भरायला काही उरतच नाही. कपडे वाळत घातलेली दोरी, रंकाळ्याची लाट, पन्हाळ्याची चढण, सगळं एका रेघेत येतं. लाटा काढताना दोन ओळींत अंतर मात्र भरपूर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

उभ्या शब्दाचं म्हणाल तर हाताखालच्या पोरांना मी सांगतो, वेलांटी ही अक्षराची टोपी, उकार ही त्याची चप्पल. दोन्ही घातल्याशिवाय अक्षर घराबाहेर पडत नाही. मग 'टि' एका घरात, 'प' दुसऱ्या घरात. जोडाक्षरालाही एकच घर.

निवृत्त गुरुजी, कागल

पेंटरसाहेबांचं पटलं. माझं म्हणणं एवढंच की आकार सगळ्यात शेवटी. आधी वस्तू हातात, मग बोलणं, मग फळ्यावर शब्द. मी गुळावर घेतलं होतं. प्रत्येकाच्या तळहातावर एक खडा ठेवला आणि सांगितलं, 'छान' नि 'गोड' हे दोन शब्द आज कुणी वापरायचे नाहीत. पाच मिनिटं सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, "हात सोडंना." दुसरा म्हणाला, "माझ्या आधी मुंगीला कळलं." हे फळ्यावर आल्यावर आकाराची काळजी उरली नाही.

संस्कृतात चित्रकाव्य आहे, म्हणजे अक्षरं चित्रासारखी मांडलेली कविता. त्यातल्या पद्मबंधात कमळाच्या मधलं एकच अक्षर सगळ्या पाकळ्यांना वाटून घेतात. जुन्या काव्यशास्त्रात चित्रकाव्याला खालची जागा दिली, पण तिसरीच्या मुलांना हा खेळ जिवापाड आवडतो. मधे 'ळ' लिहा. भोवती पाकळ्या: गू, जा, भे, मिस, गुऱ्हा. पाकळीतून आत या: गूळ, जाळ, भेळ, मिसळ, गुऱ्हाळ. आपल्या कोल्हापुरात 'ळ'ला तोटा नाही.

चौथीतल्या मुलाची आई

आमचं गाव पंचगंगेकाठी. दर पावसाळ्यात घरात एकच चौकशी, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या मुलाला पाढ्यांआधी पाठ झालं. त्यानं वहीच्या कडेला पट्टीसारख्या रेघा मारून हे लिहिलं. खालून वर वाचायचं, पाणी चढतं तसं:

४३ आम्ही मामाकडं
४२ म्हसरं वरच्या गल्लीत
४१ आजी देव उचलती
४० बाबा फोन बघतात
३९ शाळेला सुट्टी

आकार त्याला कुणी सांगितला नव्हता. मी वाचलं आणि बराच वेळ काही बोलू शकले नाही. मुलं जे रोज बघतात त्यालाच आकार असतो, बाई. तिथूनच सुरू करा.

तिसरीच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी पुन्हा घेतलं. आधी माझी छत्री वर्गात फिरवली, उघडली, मिटली, तिचं पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. 'छान' बंद. मग कोऱ्या कागदावर प्रत्येकानं आपापली रेघ मारली. टोपी-चप्पल सांगितल्यावर वेलांटी एकाचीही सुटली नाही.

मधल्या सुट्टीतल्या त्या मुलानं रेघ वाटीसारखी उलटी मारली नि तिला टांगलं: "भिऊ नको वाऱ्याकडं तोंड कर". घुमट उलटा, अक्षरं सुलटी. मी काही दुरुस्त केलं नाही. चौघांनी मात्र पुन्हा साच्यासारखं घराचं चित्र काढून त्यात "माझे घर" भरलं. त्यांच्यासोबत 'ळ'चं कमळ सोमवारी करणार आहे.

कोपऱ्यात नाव लिहिणाऱ्या मुलीनं या वेळी घुमटाखाली दोन नावं लिहिली. धाकट्या भावाचं बरोबर मधोमध. तिचं स्वतःचं कडेला, त्यातली शेवटची दोन अक्षरं छत्रीच्या बाहेर, आणि त्या दोन अक्षरांवर तेवढे थेंब काढलेत.