दर स्प्रिंटला कोड बदलत असताना विश्वासार्हतेचे मॉडेल कसे बसवावे?

प्रश्न
आमच्या सॉफ्टवेअर प्रकल्पात दर दोन आठवड्यांच्या कामाच्या फेरीनंतर (स्प्रिंट) नवी आवृत्ती चाचणीला जाते. आढळलेल्या बिघाडांच्या एकूण संख्येवर मी १९७९ सालचे गोएल-ओकुमोटो मॉडेल (बिघाड आधी भराभर, मग कमी-कमी सापडतात असे मानून एकूण दोषांचा अंदाज देणारा वक्र) बसवत आहे. परंतु वक्र सपाट होऊ लागला की पुढच्या स्प्रिंटचे काम येऊन मिळते, तो पुन्हा चढतो आणि एकूण दोषांचा अंदाज दर वेळी बदलतो. हे मॉडेल आमच्या पद्धतीला लागूच पडत नाही, असे समजावे काय?

उत्तर १
लागू पडते, पण एकच वक्र संपूर्ण प्रकल्पावर बसवू नये. विश्वासार्हतेच्या आणखी जुन्या, १९७२ च्या जेलिन्स्की-मोरांडा मॉडेलप्रमाणेच येथेही दुरुस्त्यांखेरीज कोड बदलत नाही, असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे नेमके तेच मोडते. म्हणून प्रत्येक स्प्रिंटच्या कोडासाठी वेगळा वक्र घ्यावा, त्याचा काळ तो कोड चाचणीत आल्यापासून मोजावा आणि या वक्रांची बेरीज करावी. गोएल-ओकुमोटो मॉडेल बिघाडांना प्वासाँ प्रक्रिया (यादृच्छिक घटनांच्या मोजणीचे गणिती प्रारूप) मानते; स्वतंत्र प्वासाँ प्रक्रियांची बेरीज हीसुद्धा प्वासाँ प्रक्रियाच असते, त्यामुळे गणिताला बाध येत नाही. खरी मेहनत नोंदींची आहे. पाचव्या स्प्रिंटमध्ये आढळलेल्या बिघाडाचे मूळ दुसऱ्या स्प्रिंटच्या कोडात असेल, तर तो दुसऱ्या वक्रातच मोजला पाहिजे. बहुतेक नोंदींत दोष कधी सापडला एवढेच असते, तो कधी शिरला हे नसते. स्प्रिंट लहान असतील तर प्रत्येकी बिघाड थोडेच मिळतात, अशा वेळी दोष सापडण्याचा दर सर्व वक्रांना समान धरणे मला अधिक सुरक्षित वाटते.

उत्तर २
आडव्या अक्षावर दिनांक असतील तर तेही बदलावेत. सॉफ्टवेअर विश्वासार्हतेचे अभ्यासक जॉन मुसा यांनी १९७५ मध्येच प्रत्यक्ष कार्यान्वयनाचा काळ (प्रोग्रॅम खरोखर चालला तेवढा वेळ) वापरावा असे मांडले होते, कारण चाचणी मंदावलेल्या आठवड्यात वक्र उगाचच सपाट दिसतो. मात्र रोज रात्री आपोआप चालणाऱ्या त्याच त्या चाचण्यांचे तास यात मिसळू नयेत. त्या तासांत नवे काही तपासले जात नाही, तरी विश्वासार्हता वाढल्याचा भास होतो. मॉडेल बसवण्याआधी लाप्लास कसोटी (बिघाड काळानुसार विरळ होतात की दाट, हे तपासणारी सांख्यिकी कसोटी) लावावी: तिचे मूल्य -१.९६ च्या खाली असेल, तरच पाच टक्के पातळीवर बिघाड विरळ होत असल्याचे म्हणता येते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. नव्या बदलामुळे जुन्या, सुरळीत चालणाऱ्या भागात दोष उद्भवला, तर तो कोणत्या वक्रात धरावा?

उत्तर १
ज्या स्प्रिंटमध्ये तो बदल झाला, तिच्या वक्रात. फाइल जुनी असली तरी दोष त्या बदलासोबतच आलेला असतो.