फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या पानावर पाणीदार डाग, पान कापू का?

घोडबंदर_बाल्कनी
नमस्कार मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, बाल्कनीच्या ग्रिलला फॅलेनॉप्सिस टांगलंय आणि शेजारी डेंड्रोबियम, तेही ऑर्किडच. पाऊस तिरपा आत येतो. फॅलेनॉप्सिसच्या एका पानावर तपकिरी डाग आलाय, कडेने पिवळं आणि बोट लावलं तर मऊ, आत पाणी भरल्यासारखं लागतं. काल छोटा होता आज बराच पसरलाय. नर्सरीवाले म्हणाले ऊन लागलं असेल, पण सध्या ऊन आहेच कुठे? अख्खं पान कापू का? खूप जीव आहे हो या झाडावर.

ऐरोली_गच्ची
'साफ' नावाची औषधाची पावडर 1 लिटर पाण्याला 2 ग्रॅम, फवारून टाका, माझ्याकडे सगळ्या डागांवर तेच मारतो.

नेरूळ_आमरी
ताई, ऊन नाही हे. उन्हाने भाजलेला डाग आधी पांढरट होतो मग सुकतो आणि आहे तिथेच थांबतो. मऊ, पाणीदार आणि रातोरात वाढणारा म्हणजे बहुतेक बॅक्टेरिया, त्यामुळे आज संध्याकाळची वाट बघू नका, आत्ताच कुंडी बाकीच्यांपासून लांब न्या. याचं पाणी डेंड्रोबियमवर ठिबकलं तर तिकडेही जाईल, हा रोग थेंबाथेंबातून पसरतो. नवीन ब्लेड स्पिरिटने पुसा आणि डाग संपतो त्याच्या पुढे 1-2 सेंमी चांगल्या हिरव्या भागातून कापा, प्रत्येक कापानंतर ब्लेड परत पुसायचं. उरलेलं हिरवं पान राहू दे, झाडाला त्याचाच आधार आहे. पण डाग गाभ्याकडे सरकत असेल तर दया न करता बुडापासून पान काढा, कारण फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच, तो सडला की झाड वाचणं फार कठीण. कापावर दालचिनी पूड दाबा, मुळांवर मात्र पडू देऊ नका, मुळं सुकतात.

ऐरोलीवाले दादा, साफमध्ये कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब, दोन्ही बुरशीनाशकं. कोरडा, खोलगट, काळपट, वर्तुळं वर्तुळं असलेला डाग असेल तर ठीक आहे, इथे त्याच्या भरवशावर राहू नये.

घोडबंदर_बाल्कनी
कापलं! गाभा घट्ट आणि हिरवा आहे. आता औषध कुठलं? फुलाची काडी पण निघालीय.

खारघर_सावली
कॉपर ऑक्सिक्लोराइड, ब्लायटॉक्स नावाने खताच्या दुकानात मिळतं, पाकिटावर लिहिलंय त्याच प्रमाणात, हातमोजे घालून. काडीवर आणि कळ्यांवर मारू नका, आणि डेंड्रोबियमवर तर अजिबात नको, त्याला कॉपर सोसत नाही, पानं जळतात.

नेरूळ_आमरी
औषधापेक्षा कोरडं ठेवणं जास्त महत्त्वाचं, हे मी कळकळीने सांगते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली असते की पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी दिवसभर सुकत नाही. ग्रिलवरून काढून आत खिडकीजवळ ठेवा, उजेड हवा, पाऊस नको. बेचक्यातलं पाणी टिश्यूने टिपा, छोटा पंखा लांबून सुरू ठेवा. पाणी सकाळीच आणि फक्त मुळांना. कुंडीत मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं सुकं शेवाळ, आहे का? असेल तर फुलं होऊन गेल्यावर कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यात बदला, आत्ता मुळं हलवू नका. कापलेल्या कडेला परत मऊ पाणीदार रेघ दिसली तर लगेच अजून मागून कापायचं आणि इथे फोटो टाका.

घोडबंदर_बाल्कनी
मॉसच आहे. कुंडी आत घेतली, उद्या सकाळी कडेचा फोटो टाकते.