पंप बंद, तरी पाणी चालूच? आधी नळी बघा

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये उडून गेलेलं पाणी बादलीतून आपोआप भरणाऱ्या ऑटो टॉप-ऑफचा पंप बंद झाल्यावरही संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) पाणी येतच राहतं म्हणताय ना, मग सेन्सर बदलायची घाई करू नका, तो बिचारा त्याचं काम करतोय. माझ्याकडे सेम झालेलं, सकाळी उठून बघतो तर बादलीतलं सगळं आरओचं गोडं पाणी संपमध्ये आणि सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) १.०२५ वरून थेट १.०२१, कोरल सगळे आकसून बसलेले. नळीचं संपकडचं तोंड बादलीतल्या पाण्यापेक्षा खाली असेल तर पंपाने एकदा पाणी ओढलं की सायफन लागतो, मग प्लग काढून हातात धरलात तरी पाणी वाहणारच. तोंड बादलीच्या काठाच्या वर क्लिप करा आणि हवेतच राहू द्या, संपच्या पाण्यात बुडवू नका.

उलटं असेल, म्हणजे पातळी उतरूनही पंप चालू होत नसेल, तर फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वरखाली होऊन पंप चालू-बंद करणारा) काढून बघा. दांडीवर मिठाची पांढरी खपली धरते, माझ्या स्विचवर तर एकदा चक्क गोगलगाय बसलेली! अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून धुवा, मग बोटाने वरखाली करून बघा अडकतोय का.

आणि बादली लहानच ठेवा हो, म्हणजे सगळी रिकामी झाली तरी निभावतं.