कागदी कावळा दार ठोठावताना अख्खाच सरकतो

निवृत्त_कॅशियर: नातीसाठी चिऊ-काऊची गोष्ट कटआउट ॲनिमेशनमध्ये, म्हणजे कागदाचे तुकडे थोडेथोडे सरकवत फोटो काढून, करायला घेतली आहे. बँकेतून निवृत्त झालोय, त्यामुळे वेळ भरपूर, अक्कल मोजकी. जुन्या लग्नपत्रिकांतून कावळा कापला: धड, डोकं, चोचीचे दोन भाग, पंख, पाय. सांध्यांना प्रेस बटणं. उलट्या स्टुलाच्या पायांना मोबाईल बांधून वरून फोटो काढतो, फिल्मच्या एका सेकंदासाठी 12. म्हणजे एका मिनिटाला 720, हिशोब चोख आहे. पण डोकं हलवलं की धडही सरकतं, बटणांच्या फुगवट्याने सावल्या पडतात आणि फोटो एकापाठोपाठ बघितले की उजेड लुकलुकतो. वर पंखा लावला तर पंख उडतो, आणि मे महिन्यात चिपळुणात पंखा बंद ठेवून दाखवा.

कात्रीवाली: काका, प्रेस बटणं झबल्यालाच बरी! सुईने दोरा ओवा, दोन्ही बाजूंना बारीक गाठ मारा, मागून चिकटपट्टी. धडाच्या पाठीला पत्र्याचा पातळ तुकडा चिकटवा. लोटे रायनिगर या जर्मन बाईंनी 1923 ते 1926 अशी तीन वर्षं खपून कात्रीने कापलेल्या आकृत्यांची पूर्ण लांबीची फिल्म केली. काळ्या पुठ्ठ्याला जोड शिशाच्या पातळ पत्र्याची, म्हणून आकृती ठेवली तिथे बसायची. सांधे तारेचे. उजेड काचेखालून, त्यामुळे सगळं काळं दिसायचं आणि सांधे लपायचे. (शिसं तुम्ही आणू नका, विषारी असतं. डब्याचा पत्रा चालेल, कडा घासून घ्या.)

लुकलुक मोबाईलची. तो दर फोटोला उजेड नव्याने मोजतो. एक्स्पोजर (उजेडाचं माप) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करा, खिडकी बंद, एकच दिवा. आणि पांढरा सदरा घालून वाकू नका, त्याचा उजेड कागदावर पडतो. हे मला दोन दिवस वाया घालवून कळलं.

ट्रेसिंगपेपर: काळ्या आकृत्या छान, पण मग मेणाचं घर आणि शेणाचं घर ओळखायचं कसं? माझं मत उलट आहे. सांधेच नकोत. सांधा आला की अवयव खिळ्याभोवती गोलगोल फिरतो, दाराच्या कडीसारखा. रशियन ॲनिमेटर युरी नोर्श्टेइनच्या ‘हेजहॉग इन द फॉग’ (1975) या फिल्ममधले तुकडे काचेच्या थरांवर चिमट्याने सरकवलेले आहेत. धुकं म्हणजे दृश्यावर ठेवलेला अगदी पातळ कागद, फ्रेमगणिक थोडाथोडा कॅमेऱ्याकडे उचललेला. तुमच्या पावसाला हीच युक्ती वापरा, कावळ्याचं घर वाहून जाताना धूसर होईल.

कात्रीवाली: सुट्टे तुकडे पंख्याखाली? काकांना काच ठेवावी लागेल, काचेत मोबाईल दिसेल. पण काका, गोष्टच तुमच्या सोयीची आहे. “थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते” हे चिऊ दाराआडून म्हणते, तिला हलवायचंच नाही. कावळ्याच्या एका ठोठावण्याचे आठ फोटो नीट काढा, तेच पुन्हा पुन्हा वापरा.

निवृत्त_कॅशियर: दोरा आणि पत्रा दोन्ही लावले. पंखा एकवर ठेवला तरी कावळा जागचा हलत नाही. पावसाला बटर पेपर आणलाय, उद्या बघतो. फक्त नातीला चिऊचं बाळ अंघोळ करताना दिसायला हवंय. म्हणजे आणखी चार तुकडे आणि एक घंगाळं.