प्रचि (प्रकाशचित्र) बघून खरं सांगा: लेन्स बदलू का?

निळीछटा:
नमस्कार मंडळी, आजवर वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच फोटो टाकतोय. खाली प्रचि १. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर बसलेला खंड्या, तो छोटा निळा-नारिंगी वाला. घरच्या ग्रुपवर टाकला तर "वा", "कडक", "तूच काढलास ना?" एवढंच आलं, आणि मला कळतंय की काहीतरी गंडलंय पण नेमकं काय ते सांगता येत नाही. मोबाइलवर छान दिसतो, लॅपटॉपवर मोठा करून बघितला की सगळा पक्षी मऊ मऊ, पिसं सुटी दिसतच नाहीत आणि डोळा म्हणजे नुसता काळा ठिपका.
क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) बॉडी, किटमधली (कॅमेऱ्यासोबत आलेली) ७०-३०० मिमी झूम, ३०० वर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, हातात धरून. एडिटमध्ये शार्पनेस आणि सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) थोडं वाढवलंय (थोडं म्हणजे बरंच).
प्रश्न एवढाच की नवीन लेन्स घेऊ का? मित्र म्हणतो किटच्या लेन्सकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नकोस. बिनधास्त लिहा, वाईट वाटून घेणार नाही, वाटलंच तर इथे सांगणार नाही :)

चहूबाजू:
मस्तच! खंड्या इतका निवांत बसलेला सापडणं हेच नशीब. कॅमेरा कोणता?

आडवातिडवा:
"कॅमेरा कोणता" आलं, धागा अधिकृतपणे सुरू झाला. चहूबाजू, ह.घ्या. (हलके घ्या).

कृष्णधवल:
लेन्सचं नंतर बघू हो. आधी फोटो मऊ कशामुळे आलाय ते ठरवा, कारण मऊपणाची कारणं बरीच असतात आणि प्रत्येक वेळी शिव्या मात्र लेन्स खाते. हात हलला असेल तर फ्रेममधलं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं, पाण्यावरचे चमकणारे ठिपके बघा, ते ठिपके न राहता बारीक रेघा झाल्या असतील. पक्षी हलला असेल तर फांदी स्वच्छ आणि पक्षी तेवढा पुसलेला. फोकस चुकला असेल तर पक्ष्याच्या पुढची नाहीतर मागची कुठली तरी गोष्ट बहुतेक वेळा एकदम धारदार आलेली असते, ती शोधून काढायची. आणि यातलं काहीच नसेल, मधोमध बरं पण कडांना खराब असेल आणि एफ/८ (छिद्र लहान) केल्यावर सुधारत असेल, तर मग लेन्सवर संशय घ्या.
तुमचा १/२०० मला तसाही कमी वाटतो. जुना ठोकताळा असा की हातात धरून काढताना शटर किमान एक भागिले फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा) हवा, क्रॉप सेन्सरला त्याच्या साधारण दीडपट धरायचं, म्हणजे ३०० चे ४५०, म्हणजे १/५०० च्या खाली शक्यतो जायचं नाही. तुमचा ८०० चा आयएसओ २००० केला असता तर तेवढ्याच उजेडात १/५०० मिळाला असता. लेन्सला स्टॅबिलायझेशन असेल तर कमी शटरवर पण निभावतं, पण ते तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याने मान हलवली तर त्याचा काही उपयोग नाही. आणि हा बाबा मान सारखी वरखाली करत असतो. ग्रेन (फोटोत दाणे) येईल, येऊ द्या, ग्रेन एडिटमध्ये बराचसा निघतो, हललेला फोटो काही केल्या निघत नाही.
इथे दिसतोय तो आकाराने लहान झालेला फोटो आहे, एडिट न केलेली मूळ फाइल टाका ना.

निळीछटा:
धन्यवाद काका, इतकं सविस्तर कोणी सांगितलंच नव्हतं. मूळ फाइलची लिंक वरच्या पोस्टमध्ये जोडली. पाण्यावरचे ठिपके ठिपकेच दिसतायत मला तरी.

मृगजळ:
मी मूळ फाइल पूर्ण मोठी करून बघितली. पक्ष्याच्या अलीकडे खाली जी दुसरी बारीक फांदी आडवी आलीये ना, तिच्यावरचं शेवाळ बघा सगळ्यांनी. एकेक तंतू सुटा दिसतोय! म्हणजे हात स्थिर होता, लेन्सही ठणठणीत आहे, फोकस त्या फांदीने पळवला. निळीछटा दादा, फोकस एरिया ऑटोवर आहे का? तसा ठेवला की बरेच कॅमेरे समोरची सगळ्यात जवळची गोष्ट धरतात, त्यांना काय माहीत तुम्हाला शेवाळ नकोय. सिंगल पॉइंट करा आणि तो चौकोन थेट डोळ्यावर न्या. ३०० वर एफ/५.६ ला पक्षी सहा मीटरवर असेल तर पुढचं मागचं मिळून जेमतेम नऊ-दहा सेंटीमीटर फोकसमध्ये राहतं, फांदी वीतभर अलीकडे असली तरी पक्षी हातचा गेला.
आता फोटोबद्दल. क्षण सुंदर पकडलाय, चोच खाली आणि नजर पाण्यात रोखलेली, आता सूर मारणार असं वाटतं, ते सगळ्यांना मिळत नाही. पण माझी नजर आधी पक्ष्यावर गेलीच नाही, ती गेली उजवीकडे वरच्या पांढऱ्या पट्ट्यावर, पाण्यात पडलेल्या आभाळाच्या प्रतिबिंबावर. डोळा काळा यायचं कारणही तेच, कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारा भाग) सगळं मिळून सरासरी करडं करायला बघतो, मागे असं चकचकीत काही आलं की तो पूर्ण फोटो अंधारा करून टाकतो आणि पक्षी बिचारा सावलीत जातो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +०.७ किंवा +१ द्यायचं. आणि तुम्ही काठावर उभं राहून खाली बघत काढलाय, बरोबर ना? खाली बसा, जमलं तर पालथे पडा, कपडे धुता येतात. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आलात की मागे जवळचं पाणी येण्याऐवजी लांबचा काठ येतो आणि तो आपोआप धूसर होतो, निम्मं काम तिथेच. ऊन तुमच्या पाठीमागून असेल तर डोळ्यात चमक पण येते, ती चमक आली की पक्षी जिवंत वाटतो.
अजून एक, हे तुम्हाला उद्देशून नाही, सगळ्यांसाठी. खंड्या काठाच्या मातीत बीळ करून घरटं करतो. बिळाच्या तोंडाशी आपण ठाण मांडून बसलो की आईबाप चारा घेऊन आत जायचे थांबतात. तसे फोटो काढूही नका आणि इथे टाकूही नका. आणि फाइलमध्ये जीपीएस लोकेशन असेल तर ते काढून टाकत जा.

कृष्णधवल:
शेवाळ! मानलं ताई. शटरचं मी सांगितलं ते तरीही पाळा हो, या वेळी हात स्थिर राहिला, दर वेळी राहीलच असं नाही.

निळीछटा:
हो हो, ऑटो एरियाच होता. सेटिंग बदलून टाकलं. लेन्सचे पैसे वाचले, मित्राला हा धागा पाठवतोय.

आडवातिडवा:
तांत्रिक बाजू झाली, आता माझं म्हणणं. पक्षी अगदी मधोमध बसलाय आणि तो डावीकडे बघतोय, त्यामुळे उजवीकडची जागा फुकट जाते आणि नेमका तो पांढरा पट्टा पण तिथेच आहे. मी उजवीकडून क्रॉप करून पक्ष्याला उजव्या तिसऱ्या भागात नेलं, डावीकडे बघायला मोकळी जागा ठेवली, पट्टाही गेला. खाली जोडलाय बघा.

एकटप्पी:
क्रॉप केलेला फोटो म्हणजे अर्धा फोटो, हे माझं स्पष्ट मत. फ्रेम जागेवर लावायला शिका. कार्टिए-ब्रेसाँ (प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर) फोटो कधी क्रॉप करायचा नाही, निगेटिव्हवर जे आहे तेच पूर्ण छापायचा.

कृष्णधवल:
एकटप्पी, त्याचं धोरण तसं होतं हे खरं, पण त्याचाच सगळ्यात गाजलेला १९३२ चा पॅरिसमधला फोटो, साँ-लाझार स्टेशनच्या मागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, तो क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढताना फळी आडवी आली होती, ती कापली. तेव्हा सोवळं किती पाळायचं ते ज्याने त्याने बघावं.
आणि पक्ष्यांच्या बाबतीत तर ३०० मिमीला क्रॉप केल्याशिवाय गत्यंतर नसतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो, लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली तरी ३००० बाय २००० म्हणजे ६ मेगापिक्सेल उरतात. फुल एचडी स्क्रीनला २ पुरतात आणि ए४ प्रिंटही बरी येते. त्याच्याही पुढे कापायला लागलात तर मात्र पक्षी खरंच लांब होता, फोटो सोडून द्या.

एकटप्पी:
स्टेशनच्या फोटोचं माहीत होतं, तो अपवाद. माझं मत कायम. पक्ष्यांना सूट देतो फार तर.

मृगजळ:
आडवातिडवा, क्रॉप चांगला झालाय, मला पटला. पण दुसऱ्याचा फोटो एडिट करून टाकण्याआधी विचारत जा ना. काही लोकांना चालतं, काहींना अजिबात नाही चालत, मागे एकजण त्यावरूनच ग्रुप सोडून गेला.

आडवातिडवा:
बरोबर आहे, निळीछटा, नको असेल तर उडवतो लगेच.

निळीछटा:
राहू द्या राहू द्या, उलट माझ्यापेक्षा चांगला दिसतोय तो, थोडा हेवाच वाटला.

रंगबेरंगी:
सॅच्युरेशनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी. खंड्याच्या पाठीचा निळा हा रंगद्रव्याचा नसतोच, पिसांच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवर उजेड विखुरतो म्हणून तो निळा दिसतो (छातीचा नारिंगी मात्र खरंच रंगद्रव्याचा). त्यामुळे उजेड कसा पडलाय त्यावर तो निळा कमीजास्त होतो, एका कोनातून झगझगीत आणि सावलीत एकदम मंद. तुमच्याकडे तो सावलीत होता, मंद होता, आणि तुम्ही स्लायडरने त्याला पेटवायला गेलात. परिणाम काय, पाठीवर निळ्याचा एक सपाट डाग झाला, पिसांच्या रेघाच गेल्या. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघताना नुसता पांढरा नका बघू, लाल हिरवा निळा वेगवेगळे उघडा, एडिट केलेल्या फाइलमध्ये निळा उजव्या भिंतीला जाऊन चिकटलाय आणि बाकीचे दोन मजेत आहेत. फक्त निळ्याचं सॅच्युरेशन खाली आणा आणि सावल्या थोड्या उचला. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये काढला असेल तर हे सगळं नीट होईल, जेपीजीत प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, १४ बिट रॉ मध्ये १६३८४, ओढाताण त्यातच सोसते.
आणि शार्पनेस ओढल्यामुळे पक्ष्याभोवती पांढरी कड आलीये, ती मोबाइलवर दिसत नाही म्हणून तुम्हाला खटकली नसावी. फोकसच नसेल तर शार्पनेस काय धारदार करणार, शेवाळ अजून छान झालं असेल.

चहूबाजू:
वाचतोय सगळं, माहिती भारी मिळाली. पण एक बोलू का, मी वर "मस्तच" म्हणालो त्यावरून माझी खेचली, ठीक आहे, पण सगळेच लोक शिकायला फोटो टाकत नाहीत. कोणी सकाळी फिरायला गेलं, छान काही दिसलं, आनंदाने चार लोकांना दाखवलं. त्याला लगेच हिस्टोग्राम आणि क्रॉप सुरू केलं तर तो पुन्हा टाकायचा नाही. नवीन माणसाला "मस्त" पण लागतं.

मृगजळ:
पटलं. म्हणूनच टाकणाऱ्याने लिहावं की चिरफाड हवीये की नुसतं दाखवतोय. निळीछटांनी लिहिलं होतं म्हणून आम्ही सुटलो. पण चहूबाजू, नुसतं मस्त लिहिण्यापेक्षा काय मस्त वाटलं तेवढं एक वाक्य लिहिलंत तर त्या माणसालाही कळतं की पुढच्या वेळी काय जपायचं.

चहूबाजू:
बरं, मग माझं वाक्य. त्याची ती खाली रोखलेली नजर. मला वाटलं आता उडी मारतोय.

निळीछटा:
चहूबाजू, हे मी सेव्ह करून ठेवतो.
आज पुन्हा तिथेच गेलो होतो, खंड्या नव्हता, बगळा होता. प्रचि २ टाकतोय. सिंगल पॉइंट, १/८००, पालथा पडून (ताई, कपडे धुवायला टाकलेत). डोळा या वेळी एकदम फोकसमध्ये आहे. पण बगळ्याचं अंग म्हणजे नुसता पांढरा कागद झालाय, एकही पीस दिसत नाही. ताईंनी सांगितलेलं +१ तर दिलं होतं. इथे नेमकं कुठे बिघडलं?

कृष्णधवल:
+१ दिलंत म्हणूनच! तिथे मागे उजेड होता आणि पक्षी सावलीत, इथे उलटं आहे, मागे काळोखी झाडी आणि पक्षी पांढराशुभ्र उन्हात. काळं जास्त दिसलं की मीटर सगळं उजळवायला जातो, त्यात तुम्ही वरून अजून एक स्टॉप (उजेड दुप्पट करणारी पायरी) टाकलात. अशा वेळी -०.७ ते -१ लावून बघा आणि कॅमेऱ्यात हायलाइट वॉर्निंग चालू करा, जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो, अंग लुकलुकायचं थांबेपर्यंत खाली आणायचं. अंधारा वाटला तरी चालेल, सावल्या नंतर उचलता येतात, जळलेली पिसं परत येत नाहीत.

मृगजळ:
डोळा काय सुरेख आलाय! फक्त बगळ्याचे पाय गुडघ्यापाशी कापलेत, ते टोचतं. एक तर पाय आणि पाण्यातलं प्रतिबिंब पूर्ण घ्या, नाहीतर सरळ मानेपर्यंत जवळ या.