दार आपटलं की भिंतच हलते! स्क्रू चुकले की लाकूड?

पडद्यामागची (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप आहे. नेपथ्य माझ्याकडे आलं त्याचं कारण एवढंच, की माझ्या भावाचा टेम्पो आहे.

दोन अंकी नाटक, एकच दिवाणखाना. मागची भिंत पाच फ्लॅटची (म्हणजे भिंतीचे सुटे, उभे तुकडे), प्रत्येक फ्लॅट चार बाय दहा फूट, मधल्यात दार. शेवटी मुलगा बापाशी भांडतो आणि दार आपटून निघून जातो. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगात त्याने ते आपटलं आणि अख्खी भिंत लाटेसारखी हलली. आजोबांचा फोटो तिरका झाला. बाप पाठमोरा रडतोय आणि प्रेक्षक हसतायत.

सेट आमच्या ओळखीच्या सुतारांनी केला. ते घरांची कपाटं-पलंग करतात, काम अगदी नेटकं. सागाच्या दोन बाय एक इंचाच्या पट्ट्या, वर १२ एमएम प्लाय (आठ फुटांच्या वर दोन फुटांचा जोड), सगळीकडे जिप्समवाले काळे स्क्रू. फ्लॅट एकमेकांनाही त्याच स्क्रूंनी जोडतो. चार प्रयोगांत भोकं एवढी सैल झाली की स्क्रू बोटाने फिरतात. एक फ्लॅट उचलायला तीन जण लागतात. मागून बांबू टेकवलेत, पायाशी विटा. स्टेजला खिळा मारू देत नाहीत.

पुढचा प्रयोग तीन आठवड्यांवर आहे. जाडे स्क्रू घेऊ का? की अजून भक्कम लाकूड?

सुटा नट

दिग्दर्शकाला सांगा, मुलगा खिडकीतून जाऊ दे.

गुण्या (सांगली)

ताई, दोन्ही नको. सुतारांचं चुकलं नाही, त्यांनी कपाट केलं. कपाट एकदा भिंतीला लागलं की वीस वर्षं हलत नाही. सेट दर प्रयोगाला सुटतो, टेम्पोत आदळतो, पुन्हा लागतो. मी पस्तीस वर्षं सेट लावले, त्यातली पहिली दहा तुमच्यासारखीच जड सेट लावण्यात गेली. कंबर अजून सांगते.

आधी वजन. आठ बाय चारचा १२ एमएम प्लाय एकटाच वीस किलोच्या आसपास जातो, तुमच्याकडे त्यावर जोड आणि साग. भिंतीला कोणी टेकत नसेल तर प्लाय हवाच कशाला? पाइनच्या पट्ट्यांची चौकट, वर मांजरपाट ताणून कडेला फेविकॉल आणि चुका (बारीक खिळे), मग खळीचा एक हात. वाळताना कापड ढोलकीसारखं ताणतं. त्यावर रंग. एवढा फ्लॅट एकटा माणूस विंगेत नेतो.

लाकडाचा हिशोब: एका घनफुटात दोन बाय एकची पट्टी ७२ फूट निघते. तुमच्या मापाच्या फ्लॅटला दोन उभ्या, तीन आडव्या आणि कोपऱ्यांतल्या दोन तिरक्या धरून ३७ फूट लागतात. म्हणजे एका घनफुटात दोन फ्लॅट होतील असं वाटतं, पण होत नाहीत, दोन फूट कमीच पडतात. शिवाय करवतीची घट असते आणि गाठीचे तुकडे टाकावे लागतात. पट्टी घेताना एक डोळा मिटून लांबीवर नजर टाका, वाकडी असेल तर दुकानातच ठेवा.

आता सांधे. स्क्रू पट्टीच्या टोकात, रेषांच्या दिशेने गेला तर धरत नाही. तुमची भोकं बहुतेक तीच सैल झालीत. कोपऱ्यावर मागून ६ एमएम प्लायचा त्रिकोणी तुकडा फेविकॉल लावून बसवा आणि स्क्रू त्यातून पट्टीच्या सपाट अंगात जाऊ द्या. त्याआधी गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार) लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. मी हेच टोपणनाव उगाच घेतलेलं नाही. जुन्या भोकांत काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोका, वाळल्यावर त्यातच नवा स्क्रू. काळे स्क्रू पट्ट्यांना चालतात, पण ठिसूळ असतात, आडवा झटका बसला की मुंडी तुटते. लेव्हलच्या (नट उभे राहतात त्या चौथऱ्याच्या) पायांना ते कधीच नको. तिथे आरपार बोल्ट आणि वायसर.

फ्लॅटला फ्लॅट जोडायला स्क्रू नकोच. पिन निघणाऱ्या बिजागऱ्या घ्या, दोन फ्लॅटच्या मध्ये तीन. एका पट्टीवर त्यांच्या जागा आखून फर्मा करा आणि सगळ्या फ्लॅटला त्याच फर्म्याने लावा, म्हणजे कुठलाही फ्लॅट कुठल्याहीजवळ बसतो. पिनेऐवजी टोक वाकवलेला खिळा चालतो, मात्र तो दोऱ्याने फ्लॅटलाच बांधा. अंधारात पिन शोधणारा माणूस मी स्वतः होतो, तिसरी घंटा झालेली होती.

आणि मुख्य दार. दार भिंतीत बसवूच नका. चौकट वेगळी करा, स्वतःच्या पायावर उभी, दोन्ही बाजूंना मागे तिरके टेकू, टेकूच्या पायावर वाळूच्या गोण्या. विटा सरकतात, गोणी बसून राहते. चौकटीच्या दोन पायांना खालून लोखंडी पट्टी स्क्रूने जोडा, नाहीतर पाय फाकतात आणि दार घासायला लागतं. भिंतीचे फ्लॅट चौकटीच्या दोन्ही बाजूंना दोन सूत (पाव इंच) जागा सोडून उभे करा. फट वरून पट्टीने झाका, पण ती पट्टी फक्त चौकटीला मारा, भिंतीला नाही. दार आपटलं की धक्का चौकटीतून टेकूत, टेकूतून गोणीत जातो. भिंतीला पत्ताच लागत नाही.

एडिसनकर (न्यू जर्सी)

गुण्याकाकांशी सहमत. आम्ही मंडळाच्या नाटकांना इथल्या शाळेचं सभागृह घेतो. इथे फ्लॅट एक बाय तीनच्या पाइनचे करतात. पहिल्यांदा मी सगळी मापं त्या हिशोबाने काढली आणि पाचही फ्लॅट चुकले, कारण दुकानात ज्याला एक बाय तीन म्हणतात ती पट्टी प्रत्यक्षात पाऊण बाय अडीच इंच भरते! तिकडेही रंधा मारून घेतलेली पट्टी मोजूनच कापा.

स्क्रू मी चांदणीच्या खाचेचे वापरतो. अधिक चिन्हाच्या खाचेत बिट घसरतं आणि दोन-तीन प्रयोगांत खाच गुळगुळीत होते. कापडी फ्लॅट करणार असाल तर दिवे कापडापासून लांब ठेवा. आमच्याकडे कापडाला आगरोधक द्रव मारल्याशिवाय स्टेजवर घेऊच देत नाहीत.

पडद्यामागची

काका, वाचून दाखवलं तर आमचे सुतार आधी रागावले, मग स्वतःच चौकट सुटी करून घेऊन आले. मधला एक फ्लॅट मांजरपाटाचा केला, बाकीचे प्लायचेच आहेत, पैसे संपले. काल तालमीत मुलाने सात वेळा दार आपटलं. फोटो हलला नाही.

पण आता दार इतकं घट्ट बसतं की उघडत नाही. काल पाऊसही होता. बापाला तीन मिनिटांनी त्याच दारातून बाहेर जायचंय, तो खेचत राहिला.

गुण्या

दार फुगलंय. कडेला रंधा मारून दोन सूत कमी करा, आणि कापलेल्या कडेला रंगाचा हात द्या, नाहीतर पुन्हा पाणी ओढेल. खरी कडी काढून टाका, बॉल कॅच लावा. ढकललं की बसतं, ओढलं की सुटतं. कडीचा आवाज हवा असेल तर विंगेत एक जण खरी कडी फळीवर ठोकून उभा करा.

सुटा नट

तो मी येतो. रत्नागिरीचं भाडं मात्र द्या.